रानमोडीखालची वाट

आमची वाट कुणी अडवली नव्हती. सर्कलसाहेबांच्या पंचनाम्यात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे : ‘सदर जागी बांध, कुंपण अथवा चर घालून कोणी अडथळा केल्याचे दिसून येत नाही. नैसर्गिक झाडोरा वाढलेला आहे.’ खाली पंचांच्या सह्या आहेत आणि अर्जदार म्हणून माझ्या आईची. आई चौथी शिकलेली. तिनं अंगठा दिला नाही, वळणदार सही केली. आपल्याच विरुद्ध लिहिलेल्या कागदावर इतकी चांगली सही कशाला करायची, असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

नैसर्गिक झाडोरा म्हणजे रानमोडी.

आमचं गाव नेसरीच्या पश्चिमेला, ऊस संपत जातो आणि भात, नाचणा, काजू सुरू होतो तिथं. रानमोडी तिकडं माझ्या जन्माच्या थोडी आधी आली. आंबोलीकडून लाकडं भरून येणाऱ्या ट्रकांच्या चाकांना लागून आली, असं जुनी माणसं सांगत. पुरुषभर वाढणारं झुडूप. पानं तीनकोनी, चुरगळली की उग्र वास सुटणारी. थंडीत शेंड्याला पांढऱ्या, जराशा जांभळट फुलांचे झुपके येतात आणि फुलपाखरं नुसती लोटतात. परक्या माणसाला सुंदर वाटेल. मग त्या फुलांच्या म्हाताऱ्या होऊन उडायला लागतात, वाळत घातलेल्या धडुत्यांना चिकटतात, आणि जिथं पडतील तिथं पुढच्या पावसाला उगवतात. गुरं तोंड लावत नाहीत. तोडली तर बुडख्यातून एकाचे पाच फुटवे येतात. रान मोडते म्हणून रानमोडी.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वीस-बावीस घरं, सगळी बौद्धांची, मधे पत्र्याचं विहार. वस्तीवरून डांबरी रस्त्याला जायला एक पायवाट होती. ती एका मोठ्या शेतकऱ्याच्या माळाच्या कडेनं जायची, ओढा ओलांडायची आणि थेट एसटीच्या थांब्यावर निघायची. दहा मिनिटं. त्या शेतकऱ्याला आमच्याकडं सगळे मालक म्हणत, म्हणून मीही इथं तेच लिहिते. दुसरी वाट गावातून होती : वेशीतून वर, देवळासमोरच्या पाराला वळसा, मग पाणंद. पाऊण तास. पावसाळ्यात पाणंदीत बैलगाडीचं चाक बसलं तर संध्याकाळपर्यंत निघायचं नाही, इतका राडा.

माझे वडील, आबा, गवंडी. वर्षातले आठ महिने गोव्यात असत. घर आई चालवायची आणि आई मालकांच्या रानात जायची. तणाची भांगलण, रोप लावणं, कापणी, आणि दिवाळीच्या सुमारास माळाच्या कडेची रानमोडी काढणं. कोयत्यानं तोडून चालत नाही. कुदळीनं बुडखा उकरावा लागतो. आई आणि वस्तीवरच्या दोघी-तिघी दोन दिवस तेवढंच काम करत. ती मालकांची गुरं चरायला जायची बाजू होती आणि आमची वाटही तीच. त्यामुळं वाट मोकळी राहते ती आईच्या कुदळीमुळं, हे कधी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याही नाही.

मालक वाईट माणूस होते असं मला म्हणता आलं असतं तर फार सोपं झालं असतं. मी पाच वर्षांची असताना मला ताप डोक्यात गेला होता, तेव्हा त्यांनीच गाडी जुंपून आम्हाला दवाखान्यात नेलं होतं. मळणीला ते बायकांना ताक द्यायचे, वरून ओतायचे पण भरपूर ओतायचे. आमच्या भागात माणसं साधं बोलताना भांडल्यासारखी बोलतात. मालक मात्र कधी आवाज चढवायचे नाहीत.

मी चौथीत असताना आईला अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं. खिचडी शिजवायची, पोरं गोळा करून आणायची, खोली झाडायची. ऑर्डर आली ती नेमकी भातकापणीच्या तोंडावर. आई दुसऱ्या दिवसापासून रुजू झाली. मालकांना सांगायला गेली नाही. सांगायला गेले असते तर त्यांनी गोड बोलून सुगी होईपर्यंत थांबवून घेतलं असतं आणि तोवर जागा दुसरीला गेली असती, असं ती म्हणायची. तिसऱ्या दिवशी मालकीणबाई आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

“काय गं, आजारी हाईस?”

“न्हाय, बाई. अंगणवाडीत लागलो.”

आमच्याकडं बायकाही मी जातो, मी लागलो असंच म्हणतात.

“आनि कापणी?”

“दुसरं कोन बगा की आता.”

मालकीणबाईंनी घराकडं, आईच्या धुतलेल्या साडीकडं बघितलं आणि गेल्या.

त्या वर्षी माळाची रानमोडी कुणी काढली नाही. आम्हाला वाटलं, माणसं मिळाली नसतील. पुढच्या पावसाळ्यात दोन्ही बाजूंची झुडपं वाटेवर वाकली आणि आम्ही पोरं एकामागं एक चालायला लागलो. माझी मोठी बहीण, अक्का, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. ती पुढं राहून हातानं फांद्या बाजूला करायची आणि मी तिच्या दप्तराला धरून मागं. नेसरीच्या शाळेत पोचेपर्यंत परकर गुडघ्यापर्यंत ओला. दिवाळीत आई म्हणाली, आपणच काढू. एका रविवारी वस्तीवरच्या सात-आठ बायका कुदळी-कोयते घेऊन गेल्या. मीही होते, तोडलेल्या फांद्या ओढायला. निम्मी वाट झाली आणि मालक आले. धोतराचा सोगा हातात, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे.

“काय चाललंय?”

“वाट मोकळी करतोय, मालक,” आई म्हणाली. “पोरास्नी जायाला येत न्हाय.”

“कुनाच्या रानातलं तोडताय?”

“रानमोडीच हाय न्हवं? तुमाला तरी कशाला पायजे?”

“मला पायजे का नको, ते मी बगतो.” आवाज नेहमीसारखाच मऊ. “मी तुज्या परसातल्या शेवग्याची फांदी न इचारता तोडली तर चालंल? न्हाय की? मग माज्या रानातल्या झाडाला हात लावायचा न्हाय. चालायचं तर चाला. मी कुनाला अडवलंय?”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दोघींना दुसऱ्या दिवशी त्यांच्याच रानात कामाला जायचं होतं. त्यांनी पहिल्यांदा कोयते खाली केले. मला त्यांचा फार राग आला होता. आज येत नाही, पण तेव्हाचा राग खोटा होता असंही म्हणवत नाही.

ज्या बुडख्यांवर कोयता चालला होता ते पुढच्या वर्षी दुपटीनं फुटले. मधे जे काढायचं राहिलं होतं ते वाढून वाटेवर मांडव झाला. आत दिवसाही अंधारून यायचं. रानमोडी काटेरी नाही, एवढीच मेहेरबानी. पण त्या गचपणात रानडुकरं बसायला लागली.

अक्का नववीत होती. श्रावण होता. आम्ही दोघी शाळेतून येत होतो आणि पाऊस नुकताच थांबला होता. ओढ्याच्या अलीकडं झुडपांत मोठा आवाज झाला आणि काहीतरी काळं, जड आमच्या अंगावरूनच गेलं. अक्कानं मला मागं ढकललं आणि ती पुढं दगडावर आपटली. डुक्कर खाली निघून गेलं. अक्काच्या कपाळाला, भुवईच्या वर, दोन बोटं लांब खोक पडली होती. मी बोंबलत घराकडं पळाले.

आई आली. तिनं अक्काचं डोकं मांडीवर घेतलं, हात लांब करून बाजूच्या रानमोडीचा पाला ओरबाडला, तळहातावर चोळला आणि त्याचा हिरवा रस जखमेत पिळला. रक्त थांबलं. रानमोडीत तो गुण आहे, सगळ्यांना माहीत आहे. पाला दाबून धरलेला असताना आई एकसारखी त्या झाडाला शिव्या देत होती. आईच्या तोंडून तशा शिव्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून वस्तीवरची पोरं ती वाट सोडून गावातून जायला लागली. लहानांचं ठीक होतं. अक्का मोठी झाली होती. सकाळी पावणेनऊला घर सोडायचं, पाराला वळसा घालायचा. पारावर चार-पाच जण कायम बसलेले. कुणी हात लावला नाही, कुणी काही फार वाईट बोललंही नाही. “कलेक्टरीनबाई आल्या, सरका रं,” एवढंच. रोज. कपाळावरचा वण दिसला की, “मुका घेतला की काय डुकरानं?” अक्का मान खाली घालून चालायची आणि मी तिच्या मागून. पाणंदीत चिखल इतका की चपला हातात घ्याव्या लागत आणि शाळेच्या नळावर पाय धुवून वर्गात जावं लागे. निम्म्या वेळा एसटी चुकायची. तरी अक्का नववीत वर्गात दुसरी आली.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच आईनं तहसीलला अर्ज दिला होता. अंगणवाडीच्या बाईंनी लिहून दिला. बाई नेसरीच्या, ब्राह्मणांच्या घरातल्या, अक्षर मोत्यासारखं. अर्ज फिरत फिरत सर्कलसाहेबांकडं आला आणि ते वाट बघायला आले मे महिन्यात.

मे महिन्यात रानमोडी वाळलेली असते. पानं झडतात, नुसत्या तपकिरी काड्या उरतात, पलीकडचं सगळं आरपार दिसतं. साहेबांनी टोपी सारखी केली, एक फांदी मोडून बघितली. कडकन मोडली.

“हितनं तर जाता येतंय की,” ते म्हणाले.

“आता येतंय, साहेब. पावसाळ्यात या,” आई म्हणाली.

“अडथळा कधी केला त्यांनी?”

“म्हंजे?”

“तारीख, तारीख. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. कोणत्या दिवशी वाट बंद झाली?”

आई म्हणाली, “झाडाला तारीख असती व्हय, साहेब? वाढत वाढत बंद झाली.”

साहेबांबरोबर आलेला तलाठी हसला. मालक तिथंच आंब्याखाली उभे होते. पुढं येऊन म्हणाले, “साहेब, मी भिंत घातली न्हाय, काटी लावली न्हाय. देवानं उगवलं त्येला मी काय करू? ही आमचीच मानसं हाईत. हिला इचारा, कवा न्हाय म्हनलोय का मी, चालू नका म्हनून?”

आईनं त्यांच्याकडं बघितलं. जन्मभर तिनं त्यांना मालक म्हटलं होतं. त्या दिवशी म्हणाली, “तुमी मदी बोलू नका, पावणं. मी साहेबास्नी बोलतोय.”

आमच्याकडं पावणं अनोळखी माणसाला म्हणतात. एसटीत शेजारी बसलेल्याला, बाजारात वाट विचारणाऱ्याला. मालकांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. आईला तिथल्या तिथं मुस्काटात मारता आली असती तर त्यांनी मारली असती, पण साहेब होते. ते पुन्हा आंब्याखाली जाऊन उभे राहिले. पंचनामा लिहून झाला. आईनं सही केली.

अक्का हे सगळं माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती. घरी येताना तिनं एकच विचारलं, “म्हंजे आता दहावीलाबी पारावरनंच जायाचं?” दहावीची पुस्तकं तिनं वरच्या वर्गातल्या मुलीकडून आणून जुन्या वर्तमानपत्राची कव्हरं घालून ठेवली होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, “चल, करवंदं आणूया.” आई अंगणवाडीत होती. आबा सुट्टीला आले होते, ते विहाराच्या सावलीला झोपले होते. अक्कानं चुलीजवळची काडेपेटी घेतली ती मी बघितली. विचारलं नाही. माळाच्या कडेला गेल्यावर तिनं मला ओढ्यापाशी उभं केलं आणि कुणी येतंय का बघ म्हणाली. कुणी येत नव्हतं.

वाळलेली रानमोडी रॉकेल ओतल्यासारखी पेटते. मी इतका मोठा आवाज होईल असं धरलं नव्हतं. अक्काही घाबरली. आम्ही दोघी पळत ओढ्यातून खाली उतरलो आणि लांबून बघत बसलो. वारा वरच्या अंगाला होता. आग वाटेवरून माळावर गेली, माळावरून मालकांच्या काजूच्या नव्या कलमांत, तिथून गवताच्या गंजीत. माणसं पाण्याच्या घागरी घेऊन धावली. वस्तीवरचीही धावली. आबाही होते त्यात, झोपेतून उठून गेलेले, डोळ्याच्या पापण्या जाळून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी आली. मालकांनी फिर्याद दिली होती : वाटेच्या अर्जाचा राग मनात धरून वस्तीवरच्यांनी आग लावली. आमचा अर्जच आमच्यावर पुरावा झाला. अर्ज आईच्या नावाचा, पण बाईमाणसाला कुठं न्यायचं म्हणून त्यांनी आबांना नेलं.

मी आणि अक्का आतल्या खोलीत बसून होतो. “मी जाऊन सांगतो,” ती दोनदा म्हणाली. मी म्हणाले, “नको.” आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. ती उठली होती आणि मी तिचा परकर धरून ठेवला. मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, गेली तर तिला कायमची ठेवून घेतील.

आबा संध्याकाळी परत आले. डावा कान सुजला होता. पाणी प्यायले. त्या कानानं त्यांना पुढं कमीच ऐकू यायचं. परांचीवर असताना कुणी हाक मारली तर कळायचं नाही, म्हणून गोव्यातल्या ठेकेदारानं दोन वर्षांनी त्यांना उंचावरच्या कामावरून काढून खाली माल कालवायला लावलं.

त्या रात्री जेवताना अक्कानं सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. आई भाकरी थापत होती ती थांबली. आबा मारतील असं मला वाटलं. त्यांनी मारलं नाही. ताट बाजूला सरकवलं आणि बराच वेळ नुसते अक्काकडं बघत राहिले, जणू ही कुणा दुसऱ्याची मुलगी आहे.

तडजोड झाली ती गावातल्या चार जणांनी केली. मालक फिर्याद मागं घेणार आणि आबांनी लिहून द्यायचं, की सदर माळातून आमची कोणतीही वहिवाटीची वाट नाही, पूर्वीही नव्हती. आबांनी लिहून दिलं. आई त्या दिवशी घरी थांबली नाही. अंगणवाडीला तोवर मे महिन्याची सुट्टी लागली होती, तरी जाऊन रिकामी खोली सारवत बसली.

पंधरा दिवसांत अक्काचं लग्न ठरलं. शिरोळकडचं स्थळ, मुलगा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. वय अठरा सांगितलं. तिला पंधरावं सरत आलं होतं. तिचं लग्न शिक्षा म्हणून केलं का भीतीपोटी, हे मी आबांना कधी विचारू शकले नाही. आई म्हणाली होती, “दहावी तरी होऊ द्या.” आबा म्हणाले, “उद्या तिचं नाव कुनी घेतलं तर दहावी घालशील का आगीत?” विहारात लग्न लागलं. दहावीची पुस्तकं तीन वर्षांनी मी वापरली.

आणि वाट? जळाल्यावर जेमतेम महिनाभर ती मोकळी होती, काळी, राखेची. अक्काची पाठवणी त्याच वाटेनं झाली, ट्रॅक्टर डांबरीवर उभा होता म्हणून. मृग लागला आणि प्रत्येक जळक्या बुडख्यातून फुटवे आले. गौरी-गणपतीपर्यंत कमरेएवढे.

मी दहावीनंतर कोल्हापुरात वसतिगृहात राहिले. कॉलेजात मी जातो, मी येतो म्हणाले की मुली हसायच्या, म्हणून ते सोडलं. पदवी झाली, परीक्षा दिल्या, आणि दोन हजार साल उलटल्यावर भूमी अभिलेख खात्यात लागले. जमिनी मोजणारं खातं. मी मागून घेतलं नव्हतं, मिळालं ते घेतलं. आपल्याच तालुक्याच्या कार्यालयात नेमणूक झाली, आणि पहिल्या महिन्यात सगळे बाहेर चहाला गेलेले असताना मी आमच्या गावचा जुना नकाशा काढला.

कापडावर चिकटवलेला, कडा खाल्लेल्या. वस्ती होती. ओढा होता. वस्तीपासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून रस्त्यापर्यंत तुटक रेघ होती, अगदी ठसठशीत. नकाशात तुटक रेघ म्हणजे पायवाट. आबांनी पूर्वीही नव्हती म्हणून लिहून दिलेली वाट मालकांच्या आजोबांच्या आधीपासून तिथं होती. सर्कलसाहेबांनी हा नकाशा उघडून बघितला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. मी त्या रेघेवर बोट ठेवून उभी राहिले. शिपाई आत येऊन म्हणाला, “मॅडम, चहा सांगू?” तेव्हा बोट काढलं.

त्याची नक्कल करून मी आईला नेऊन दाखवली. तोवर वस्तीला दुसऱ्या अंगानं पक्का रस्ता झाला होता, दारापर्यंत वडापची जीप यायची. आईनं कागद चष्मा लावून बघितला.

“आता कुनाला पायजे ही?” ती म्हणाली. “तितं साळींदरंसुदिक जाईनात.”

खरंच होतं. रानमोडी वाटेपुरती थांबली नव्हती. मालकांचा सगळा माळ तिनं घेतला होता. गवताची काडी उरली नव्हती. त्यांनी म्हशी विकल्या होत्या, मुलगे पुण्याला गेले होते. वस्तीवरची माणसं हे मोठ्या चवीनं सांगत. आईला त्यात कधी चव वाटली नाही. “त्येंचं रान गेलं म्हनून माजी पोरगी परत साळंला गेली व्हय?” एवढंच बोलली.

मग एके दिवशी मालक माझ्याच टेबलासमोर आले. भावाभावांत वाटणी चालली होती, मोजणीचा अर्ज होता. काठी टेकत आले, मला ओळखलं.

“तू व्हय गं हितं? झ्याक झालं. लई झ्याक.”

मी “बसा” म्हणाले. खुर्ची पुढं केली. का केली, हे मी स्वतःला अजून विचारते.

“मोजणीदार म्हनतोय, आदी झाडी काडा, मग मोजतो. मानसं कुटली मिळत्यात आता? तुजी आई होती तवा कसा लख्ख असायचा माळ.”

मी अर्ज तपासत होते. मान वर न करता विचारलं, “वाट का बंद केली तुम्ही?”

“मी कुटं बंद केली?” लगेच उत्तर आलं, त्याच मऊ आवाजात. मग म्हणाले, “ऐन कापनीत गेली तुजी आई. एक शबूद न्हाय. बारा वरसं राबलेली बाई, दारात येऊन सांगितलं असतं, मालक, जातो, तर मी न्हाय म्हनलो असतो? उलट लुगडं नेसवून पाटीवलं असतं. म्हनलं, हिला आपली गरज न्हाय ना, मग बगूया.”

“एवढंच?”

“येवडंच म्हंजे?” त्यांना खरोखर कळलं नाही.

माझ्या कपाटात नकाशा होता. काढून समोर पसरावा, ती रेघ दाखवावी, मोठ्यानं बोलावं, ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जाऊ द्यावं. हे सगळं मनात येऊन गेलं. अर्जात एक उतारा कमी होता. दुसरा कुणी असता तर मी सांभाळून घेतला असता. त्यांना मी तो आणायला परत पाठवलं. एवढाच माझा सूड. आठ दिवसांनी त्यांनी उतारा आणला, मी शिक्का मारला, आणि ते “सुकी ऱ्हा” म्हणून गेले.

त्याच आठवड्यात मी शिरोळला अक्काकडं गेले. तिचं घर उसाच्या रानाकडेला, दोन खोल्या. भाऊजी दारू पीत, ती कधीच सुटली नाही. ती लोकांच्या रानात भांगलायला जायची, थेट आई जायची तशी. थोरली मुलगी आठवीत होती, धाकटा पाचवीत. मी गेले तेव्हा ती नुकतीच येऊन हातपाय धूत होती. भुवईवरचा वण पांढरा पडला होता.

मी तिला मालकांचं सगळं सांगितलं. नकाशाची नक्कल पर्समधून काढून तिच्यापुढं धरली. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. निदान राग येईल, आम्ही दोघी मिळून शिव्या घालू.

तिनं कागद उलटसुलट केला. “ही काय?”

“ही वस्ती. हा ओढा. ही आपली वाट.”

“म्हंजे वाट होती? कागदावर होती?”

“होती. आधीपासून.”

ती म्हणाली, “मग आबांनी लिहून कशाला दिलं?”

“त्यांना कुठं माहीत होतं? कुणी दाखवलं नव्हतं.”

“आनि तू मला आता दाखवाय लागलीस.” ती माझ्याकडं बघत होती. “त्यादिशी मी ठाण्यावर जातो म्हनलो, तू सोडलं न्हाईस. गेलो असतो तर आबांचा कान वाचला असता. हितं तरी आलो नसतो. कशाला आणलास ह्यो कागद?”

मला वाटत होतं ती ते विसरली आहे. तिनं इतक्या वर्षांत कधी काढलं नव्हतं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तिची मुलगी बाहेरून आत आली आणि मावशी म्हणून माझ्या गळ्यात पडली. अक्कानं कागदाची घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये परत ठेवली.

“चा करतो,” ती म्हणाली आणि आत गेली.

चहा झाला. भाकरी-आमटी झाली. मुलांचा अभ्यास, पुराचं पाणी यंदा कुठवर आलं होतं, सगळं बोलून झालं. दर वेळी ती मला थांब्यापर्यंत सोडायला यायची, एसटी सुटेपर्यंत खिडकीला हात लावून उभी राहायची. त्या दिवशी दारातूनच म्हणाली, “जा सावकाश. भांडी पडल्यात.” मुलगी तेवढी माझ्याबरोबर आली.